छत्तीस सेकंद

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. काळ्या प्लॅस्टिकचं अंग, गळ्यात पिवळी दोरी, डोक्यावर दोन बटणं आणि पोटात एक गोल, चपटा सेल. बटण दाबलं की मी धावू लागते, पुन्हा दाबलं की थांबते, आणि दर वेळी ‘टिक्’ असा बारीक आवाज करते. माझ्या भावंडांना तुम्ही शाळेच्या मैदानावर सरांच्या गळ्यात पाहिलं असेल. तिथे मुलं हसत त्यांच्याकडे धावत येतात. माझ्या वाट्याला ते आलं नाही. माझा आवाज ऐकला की माणसं घाबरत. असं का झालं, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म कुठे झाला ते मला धड आठवत नाही. एका लांब टेबलावर आम्ही शेकडो जण ओळीने पडलो होतो आणि एक बाई प्रत्येकाला मिनिटभर पळवून पाहत होती, एवढंच आठवतं. पुढे खोक्यात बंद होऊन मी अमरावतीला आले. जयस्तंभ चौकाजवळच्या एका दुकानात काचेमागे दोन वर्षं बसून राहिले. शेजारच्या बॅटी गेल्या, फुटबॉल गेले, मला कोणी विचारेना. शेवटी एके दिवशी पस्तिशीचा एक माणूस आला आणि त्याने मला हातात घेऊन चार वेळा दाबून पाहिलं.

“पोरायच्या शर्यतीसाठी पाहिजे का?” दुकानदाराने विचारलं.

“नाही, कामासाठी,” तो म्हणाला.

त्याचं नाव गजेंद्र. नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्ट शिवणारा एक कारखाना होता, तिथे तो एका लाइनचा सुपरवायझर होता. लाइन म्हणजे ओळीने मांडलेली तीसेक शिलाई मशीन. एकजण बाही लावणार, दुसरी कॉलर, तिसरी काज करणार, आणि शेवटी पूर्ण शर्ट बाहेर पडणार.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली. कोणत्या कामाला किती वेळ लागतो, दोरा कुठे तुटतो, कोण कुणाची वाट पाहत रिकामं बसतं, हे गजेंद्र माझ्याकडून जाणून घ्यायचा आणि वहीत लिहायचा. मग मशीनची जागा बदलायचा, कुणाला मदतीला बाई द्यायचा. “या घड्याळानं माझं अर्धं काम हलकं केलं,” असं तो सगळ्यांना सांगायचा, तेव्हा मला धन्य वाटायचं. बायकाही मला भीत नव्हत्या. कॉलर लावणारी माहेनूर तर चहाच्या सुट्टीत मला हातात घेऊन मैत्रिणींची श्वास रोखायची शर्यत लावायची.

मग कारखान्यात नवे साहेब आले. त्यांनी पहिल्याच बैठकीत लाइनच्या टोकाच्या पांढऱ्या फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे कॉलरचा आकडा लिहिला होता, तासाला साठ.

“शंभर करा,” साहेब म्हणाले. “या महिन्यात.”

“साहेब, कशाच्या आधारावर?” गजेंद्रने हळूच विचारलं.

“आधार तुम्ही शोधा. नाहीतर मी दुसरा सुपरवायझर शोधतो.”

मी तेव्हा त्याच्या शर्टाच्या खिशात होते. त्याचं काळीज किती जोरात धडधडत होतं, ते मला बाहेरून मोजता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, सगळे नुकते कामाला बसले असताना, गजेंद्र माहेनूरच्या मागे येऊन उभा राहिला. लाइनवर तिचा हात सगळ्यात जलद. त्याने मला दाबलं. तिने मागे वळून त्याचा चेहरा पाहिला, आणि ती घाबरली. घाबरलेलं माणूस किती वेगाने काम करतं, हे मी त्या दिवशी पाहिलं. पाच कॉलर तिने श्वास न घेता लावल्या. एकेका कॉलरला छत्तीस सेकंद. छत्तीस सेकंदांना एक, म्हणजे तासाला शंभर. गजेंद्रला आधार मिळाला. त्याने फळ्यावरचे साठ पुसले आणि शंभर लिहिले.

मित्रांनो, मी खोटं बोलले नव्हते. छत्तीस सेकंदच लागले होते. पण त्या छत्तीस सेकंदांत दोरा तुटला नव्हता, खालच्या दोऱ्याची बॉबिन संपली नव्हती, पाठ भरून आली नव्हती, दुपार झाली नव्हती. ते मला कुणी विचारलं नाही, आणि मला सांगता येत नव्हतं.

त्या दिवसापासून लाइनवरचं बोलणं बंद झालं. दर तासाला गजेंद्र येई, ‘टिक्’ करी, फळ्यावर आकडा लिहून जाई. चौऱ्याहत्तर. सत्तर. सहासष्ट. शंभराच्या शेजारी तो प्रत्येक आकडा गुन्ह्यासारखा दिसे. बायका पाणी पिईनाशा झाल्या, कारण पाणी प्यायलं की उठावं लागतं. वाकडे शिवलेले शर्ट, ज्यांना तिथे आल्टर म्हणत, त्यांचा ढीग रोज वाढू लागला. मला पाहून माहेनूर मान खाली घालू लागली. कधीकाळी मला हातात घेऊन हसणारी मुलगी माझ्या आवाजाने दचकत होती, आणि मी काही करू शकत नव्हते.

बाराव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला, माहेनूरच्या तोंडून दबका आवाज आला. मशीनची सुई तिच्या तर्जनीच्या नखातून आरपार जाऊन तुटली होती. पांढऱ्या कॉलरवर रक्त पसरलं. सगळ्या बायका उठल्या. गजेंद्र धावत आला. मी त्याच्या हातात होते, चालू होते. आणि मी पाहिलं, त्याची पहिली नजर तिच्या बोटाकडे गेली नाही. ती माझ्याकडे आली. तासाची बारा मिनिटं अजून उरली होती.

ती नजर क्षणभराचीच होती. मग त्याने तिचा हात धरला, रुमाल बांधला, गाडी मागवून तिला दवाखान्यात नेलं. पण ती नजर माहेनूरने पाहिली होती.

आठ दिवसांनी ती जाडजूड पट्टी बांधून परत आली आणि सरळ त्याच्यासमोर उभी राहिली.

“सर, एक बोलू? तुमी राग नका मानू.”

“बोल.”

“तुमी ज्या पाच पीसवर टाइम घेतला ना, ते मी जीव मुठीत धरून शिवले होते. तसं दिवसभर कोणाले जमत नाही. मलेबी नाही.”

“वरून आलेला आकडा आहे, माहेनूर. माझ्या हाती काय आहे?”

ती माझ्याकडे बघून म्हणाली, “ते आहे न.” आणि आपल्या मशीनकडे गेली.

गजेंद्रला ते ऐकू आलं, पण उमगलं नाही. कारण भीतीने त्यालाही पुरतं घेरलं होतं. ती भीती तो घरीही घेऊन जाऊ लागला होता.

त्याची एकुलती एक मुलगी प्रणाली. बारावीत होती, डॉक्टर व्हायचं म्हणून नीटची तयारी करत होती. क्लाससाठी तिला अकोल्याला गजेंद्रच्या थोरल्या बहिणीकडे, आशाबाईंकडे ठेवलं होतं. दर रविवारी सकाळी गजेंद्र अमरावतीहून एसटीने अकोल्याला जाई आणि बरोबर दहा वाजता मुलीसमोर सराव प्रश्नपत्रिका ठेवी. मग तो मला दाबून टेबलावर ठेवत असे. एका प्रश्नाला एक मिनिट. मिनिट झालं की तो पुन्हा बटण दाबे, ‘टिक्’.

भिंतीवर त्याने मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं : दिवाळीला ५५०, डिसेंबरला ६००, मार्चला ६५०.

प्रणालीला चारशेच्या आसपास गुण पडत. मी टेबलावरून तिचा हात अगदी जवळून पाहत असे. पहिल्या ‘टिक्’ला पेन थांबायचं. दुसऱ्याला बोटं कापायची. मग ती एकच प्रश्न पुन्हा पुन्हा वाचत राहायची. पेपर संपला की ती मोरीत जाई आणि तिथून ओकारीचा आवाज येई. गजेंद्रला वाटे, पोरगी बाहेरचं खाते. एका रविवारी तीनशे ऐंशी गुण पडले. तो तिला रागावला नाही. त्याने फक्त भिंतीवरच्या आकड्याकडे पाहिलं आणि डबा पिशवीत भरला. मला वाटतं, तिला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही पोचलो, तर प्रणाली घरात नव्हती.

“सकाळी सातले लायब्ररीत जातो म्हणे,” आशाबाई म्हणाल्या. “येईन आता.”

गजेंद्र खुर्चीवर बसला. दहा वाजले. त्याने मला खिशातून काढून दाबलं. “पाहू तर खरं, किती उशीर करते,” तो म्हणाला, आणि मला परत खिशात टाकलं.

साडेदहा झाले. गजेंद्रने दारात उभं राहून दोन-तीनदा मोठ्याने हाक मारली. तिचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला सापडला. अकराला गजेंद्र लायब्ररीत गेला. ती रविवारी बंद असते, हे त्याला तिथे गेल्यावर कळलं. मग क्लास, मग मैत्रिणीचं घर. मैत्रीण म्हणाली, “काका, ती दोन दिवसांपासून कोणाशीच बोलून नाही राहिली.” मग तो बसस्टँडवर गेला, तिथून रेल्वे स्टेशनवर. प्रत्येक फलाटावर तो प्रत्येक मुलीचा चेहरा पाहत चालत होता. मुंबईकडे जाणारी एक गाडी सुटत होती, तिच्या खिडक्यांकडे बघत तो शेवटपर्यंत धावला. मी त्याच्या छातीशी होते. त्याचा घाम कापडातून माझ्यापर्यंत आला होता. तो सारखा पुटपुटत होता, “काहून गेली, कुठी गेली.” आणि मी खिशात धावतच होते. उशीर मोजायला निघालेली मी आता त्याची भीती मोजत होते.

स्टेशनच्या चौकीत त्याने मुलीचं वर्णन सांगितलं. निळा कुर्ता, उजव्या गालावर तीळ. “फोटो घेऊन या,” तिथले म्हणाले. तो फोटोसाठी रिक्षाने घरी परतला.

आशाबाई दारात उभ्या होत्या, तोंडावर पदर धरून. गजेंद्र घरात शिरला, फोटो घेतला, आणि वरून रस्ता दूरवर दिसतो म्हणून लोखंडी जिन्याने गच्चीवर गेला. ऑक्टोबरचं ऊन रणरणत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्याने नकळत खिशात हात घातला. त्याची बोटं माझ्यावर आवळली गेली आणि बटण दाबलं गेलं.

टिक्.

पाण्याच्या काळ्या टाकीमागे काहीतरी हललं.

प्रणाली तिथे होती. भिंत आणि टाकीच्या मधल्या वीतभर सावलीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. चपला शेजारी नीट ठेवलेल्या. दोन्ही हात कानांवर होते आणि डोळे गच्च मिटलेले. ती घराबाहेर गेलीच नव्हती.

मित्रांनो, ज्या आवाजाला भिऊन ती लपली, त्याच आवाजाने ती सापडली. त्या दिवशी मला माझ्या आवाजाची लाज वाटली. माझ्या काचेवर आकडे थांबले होते : तीन तास बारा मिनिटं.

गजेंद्र खाली बसला. प्रणालीच आधी बोलली, “बाबा, तुमी आवाज देत होते, ते मले ऐकू येत होतं. पण उठताच येत नव्हतं.”

“काहून, बेटा?”

“मले पेपर येते, बाबा. घरी एकटी सोडवतो तं येते. तुमी ते दाबलं का हात कापतात. मंग अक्षरं दिसत नाहीत. मले त्याचं भेव लागते. तुमचं नाही लागत, त्याचं लागते.” मग ती थांबली आणि खाली बघत म्हणाली, “तुमचंबी लागते.”

मागून धापा टाकत आशाबाई आल्या होत्या. त्यांनी मुलीच्या डोक्यावर आपला पदर धरला.

“गजू, ते घड्याळ पयले आत ठेव,” त्या म्हणाल्या. “लेकरू सकाळपासून उन्हात बसलं, अन तू हातात घड्याळ घेऊन उभा हायस.”

दुपारी प्रणाली झोपल्यावर आशाबाईंनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. “हे आकडे कोनं ठरवले?”

“मी.”

“तिले इचारलं होतं?”

गजेंद्रने कागदाची सुटलेली कड बोटाने दाबली.

“मंग कायच्या हिशोबानं ठरवले?”

हिशोब असा काही नव्हताच. क्लासच्या चौकात एक मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर मागच्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो आणि तिचे गुण होते. त्याने ते पाहून आकडे लिहिले होते. हे तो बहिणीला सांगू लागला आणि मध्येच थांबला. सगळ्यात जलद हात, सगळ्यात ताजी वेळ, आणि तेच माप सगळ्यांना. माहेनूरच्या पाच कॉलर त्याला आठवल्या असाव्यात, कारण त्याने स्वतःच्या तर्जनीचं नख दुसऱ्या हाताने घट्ट दाबून धरलं. मग उठून कागद भिंतीवरून काढला.

सोमवारी सकाळी तो माहेनूरच्या मशीनवर जाऊन बसला आणि मला तिच्या पट्टी बांधलेल्या हातात दिलं.

“आज माझा टाइम तू घे. पूर्ण तास.”

तिचा चेहरा उतरला. “सर, मी चुकून बोलली असन तं माफ करा. मले कामावरून काढू नका.”

“काढत नाही. दाब ते.”

तासाभरात गजेंद्रच्या एकोणीस कॉलर झाल्या. त्यातल्या अकरा आल्टर निघाल्या. सुरुवातीला कुणी हसलं नाही, सगळ्याजणी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मागून एक हसली, आणि गजेंद्रही हसला. घामाने त्याची पाठ भिजली होती.

पुढचे तीन दिवस त्याने मला नव्या रीतीने कामाला लावलं. एक जलद हाताची, एक मध्यम आणि एक नुकती लागलेली, अशा तिघींचं काम मी सकाळी, दुपारी आणि पाच वाजता मोजलं. दोरा तुटला तरी मी थांबले नाही. कुणी पाणी प्यायला उठलं तरी थांबले नाही. शेवटी सरासरी निघाली, एका कॉलरला त्रेपन्न सेकंद. तासाला अडुसष्ट. आणि मग त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. बायकांना विचारलं, “हा आकडा तुम्हाला कसा वाटते?”

“जमते,” माहेनूर म्हणाली. “कापलेल्या कापडाचे बंडल वेळेवर आणून देसान तं दोन-चार वरही निघतीन.”

तो कागद घेऊन आम्ही साहेबांच्या केबिनबाहेर उभे राहिलो. तो दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरला. तिसऱ्यांदा आत गेला.

“अडुसष्ट?” साहेब म्हणाले. “मी शंभर सांगितले होते.”

“साहेब, शंभर लिहिले तर फळ्यावर शंभर दिसतील. शर्ट आता निघतात तेवढेच निघतील, आणि त्यातले तीस आल्टरला जातील.” त्याने कागद टेबलावर ठेवला. “मला एक महिना द्या. पहिले पंधरा दिवस अडुसष्ट. नंतर बहात्तर. आल्टर शंभरात चारच्या वर नाही. नाही जमलं तर मला लाइनवरून काढा.”

साहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “लिहून द्या.”

तो महिना फार भीतीचा होता. पहिल्या आठवड्यात बासष्टच निघाले. गजेंद्र जेवणाचा डबा न उघडता परत नेई. दुसऱ्या आठवड्यात सदुसष्ट. महिना संपला तेव्हा शेवटच्या आठवड्याची सरासरी सत्तर होती. बहात्तर झालेच नाहीत. आल्टर मात्र शंभरात तीनवर आले होते. साहेबांनी कागद पाहिला, फाइलमध्ये ठेवला, आणि त्याला लाइनवरून काढलंही नाही. फळ्यावर शंभर पुन्हा कुणी लिहिले नाहीत.

अकोल्यात प्रणालीने आपला कागद स्वतः लिहिला. रोज फिजिक्सचे दहा प्रश्न, घड्याळ न लावता. चुकलेले दुसऱ्या दिवशी परत. महिन्याने वीस. परीक्षेपर्यंत ४८०. तिने खाली वडिलांसाठीही एक ओळ लिहिली : बाबांनी रोज एक फोन करायचा, त्यात मार्कांचा प्रश्न नाही. गजेंद्र पहिल्या आठवड्यात दोनदा चुकला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात येई, मग तो परत फोन करून म्हणे, “ते इचारलं ते राहू दे.”

कारखान्यातला तो महिना संपल्यावर गजेंद्रने मला अकोल्याला नेलं, आणि आशाबाईंनी मला कपाटात ठेवलं. जानेवारीत एका सकाळी प्रणालीने कपाट उघडलं. मग तिने मला उचललं, टेबलावर ठेवलं आणि स्वतःच्या बोटाने बटण दाबलं. दहा प्रश्न तिने कापत्या हातानेच सोडवले. भीती एका दिवसात जात नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी मला सुरू करणारं बोट तिचं होतं.

परीक्षेत तिला चारशे अठ्ठ्याहत्तर गुण पडले. तिच्या आकड्यापेक्षा दोन कमी. तेवढ्यावर डॉक्टरीला जागा मिळाली नाही, त्या संध्याकाळी ती खूप रडली. पुढे तिने फिजिओथेरपीला प्रवेश घेतला, आणि मला सोबत नेलं.

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. परवा कॉलेजच्या दवाखान्यात तिच्याकडे नांदगाव खंडेश्वरचे चंद्रभानकाका आले. पडून गुडघा मोडला होता, ऑपरेशन झालं होतं, आणि पाय उचलायचा म्हटलं की ते पलंगाची कड घट्ट धरत. प्रणालीच्या हातात मला पाहून ते आणखीच भ्याले.

“बाई, ते कायले? माह्यानं होणार नाही.”

प्रणालीने मला पलंगावर, त्यांना दिसेल असं ठेवलं. “काका, पाय किती वेळ वर धरता येईन? तुमीच सांगा.”

काकांनी विचार केला. “पाच.”

“मंग आज पाच.”

काकांनी पाय उचलला. ओठ आवळले. एक, दोन, तीन, चार, पाच. तिने मला थांबवलं आणि त्यांचा पाय हाताने हळूच खाली टेकवला. काका माझ्याकडे बघत म्हणाले, “सहाबी झाले असते.”

“ते उद्या,” प्रणाली म्हणाली, आणि वहीत त्यांच्या नावापुढे पाच लिहिले.

माझा सेल आता वारंवार उतरतो, काचेवर ओरखडे आहेत. मुलांनो, उद्या तुम्हीही कुणासाठी तरी आकडा ठरवाल, कदाचित स्वतःसाठीच. माझ्यासारखं घड्याळ हाती घ्याल तेव्हा एवढं करा : बटण दाबण्याआधी ज्याला धावायचं आहे त्याच्या चेहऱ्याकडे बघा, आणि त्याला विचारा.